स्वतःला न आवडणारं गाव

राजधानीतलं साप्ताहिक सुरीमला शनिवारी पोचलं आणि रविवार दुपारपर्यंत ते न वाचलेला माणूस गावात उरला नाही. कॉलेजच्या मागच्या फाटकासमोरच्या झेरॉक्सवाल्याने तर त्यातली ती दोन पानं छापून गल्ल्यावर ढीग करून ठेवली होती. विद्यार्थिनींना खोल्या देणाऱ्या ताक मल-सुनच्या घरात ती पानं आणली सो-दामने. सो-दाम रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होती, मल-सुनकडे राहणाऱ्या मुलींमध्ये सगळ्यात जुनी, त्यामुळे जेवणाच्या टेबलाशी मोठ्याने वाचण्याचा मान तिचाच.

"काकू, तो उंच माणूस आठवतो? पानगळीच्या वेळी तीन दिवस वरच्या खोलीत राहिलेला? त्याचं पुस्तक निघालंय. जगातल्या कॉलेजांच्या गावांवर. त्यातलं आपलं प्रकरण यांनी भाषांतर करून छापलंय."

"वाच बघू," मल-सुन म्हणाली आणि कळशीतला सातूचा चहा पेल्यांत ओतू लागली. तिला त्या माणसाविषयी बरं वाटत होतं. डेन्मार्कचा होता, पण त्याला इथली भाषा येत होती. दारात बूट काढून तो ते नीट जोडीने ठेवायचा. वाढलेलं सगळं संपवायचा.

सो-दामने घसा साफ केला.

"'शीर्षक: स्वतःला न आवडणारं गाव. मी अनेक देशांतली विद्यापीठांची गावं पाहिली. प्रत्येक गाव आपल्या कॉलेजाची बढाई मारतं. सुरीम हा अपवाद. मी ज्या घरी उतरलो तिथल्या मालकीणबाईंनी पहिल्याच दिवशी कबूल केलं, की त्यांच्याकडे जेवणाचे हाल आहेत. नूडल्स विकणाऱ्या बाईंना आपल्या मालाची स्वतःलाच खात्री नव्हती. त्यांनी मला शेजारच्या गावी जाण्याचा सल्ला दिला. एका प्राध्यापकांनी आपलं संशोधन निरुपयोगी असल्याचं सांगितलं. एका वडिलांनी आपला मुलगा मतिमंद असल्याचं त्याच्यासमोरच...'"

एक मुलगी फिस्सकन हसली आणि लगेच गप्प झाली, कारण मल-सुनच्या हातातली कळशी थांबली होती.

"पुढे."

"'...आणि गावातल्या एका प्रतिष्ठित गृहस्थांनी मला निरोप देताना बजावलं, की लोकांनी इथे येण्यात वेळ घालवू नये. ज्या गावाचा ज्ञानावर विश्वास नाही, तिथे ज्ञान किती काळ टिकेल?' एवढंच. खाली फोटो आहे. मागच्या फाटकाचा. बंद असतानाचा."

मल-सुनने कागद हातात घेतला आणि स्वतः वाचला. मग चष्मा लावून पुन्हा वाचला. त्या तीन दिवसांत तिने त्याला काय काय वाढलं होतं ते तिला ताटासकट आठवत होतं: सुक्या पोलॅक माशाचं सूप, भाजलेला मॅकरेल मासा, मुळ्याची आणि कोबीची आंबवलेली किमची, वाफवलेलं अंडं. जेवणाचे हाल! ती असं कधी म्हणाली? कुणाला म्हणेल?

"काकू, तुम्ही असं म्हणालात?" एका मुलीने हळूच विचारलं.

"मला वेड लागलंय का?"

आणि ती खोटं बोलत नव्हती. तिला काही आठवत नव्हतं.

*

सोमवारी घरमालक संघाची बैठक झाली. मागच्या फाटकाकडच्या गल्ल्यांमध्ये विद्यार्थ्यांना खोल्या देणारी जी घरं होती, त्यांचा हा संघ. फेब्रुवारीच्या अखेरीस नव्या मुलामुलींचे आईबाप गाडीने येत, तेव्हा संघाची माणसं स्टेशनाबाहेर कापडी फलक लावून बसत आणि प्रत्येक कुटुंबाला कुठल्या घरी पाठवायचं ते ठरवत. ज्या घराकडे संघ बोट दाखवणार नाही, त्या घरात त्या वर्षी कुणी येत नसे. मार्चमध्ये, वर्ष सुरू होताना, रिकामी राहिलेली खोली पुढच्या मार्चपर्यंत रिकामीच.

अध्यक्ष कू दोक-सु यांनी घसा खाकरून सुरुवात केली. "स्वतःबद्दल असं बोलणारा माणूस या पृथ्वीवर नाही. बरोबर? म्हणजे कुणीतरी दुसऱ्यांबद्दल हे त्याच्या कानात घातलं आणि त्याने ते ज्याच्या-त्याच्या तोंडी टाकलं. प्रश्न एवढाच, की कुणी?"

सगळ्यांनी चहाच्या पेल्यांत पाहिलं. मग एकेक करून मल-सुनकडे.

"तो माझ्याकडे उतरला होता म्हणून?" मल-सुन म्हणाली. "अहो, त्याने सगळ्यात आधी माझ्याच घराबद्दल लिहिलंय. मी स्वतःच्याच घराची बदनामी करीन?"

"चोर कधीकधी आपल्याही घराची काच फोडतो, जे-गूच्या आई. संशय येऊ नये म्हणून." गल्लीत सगळे तिला मुलाच्या नावानेच हाक मारत.

"काच नाही फुटलेली माझी. अब्रू गेलीय."

"तुमची एकटीची नाही," कू म्हणाले. "मी काही आरोप करत नाही. पण हे स्पष्ट होईपर्यंत यंदा स्टेशनावरून तुमच्याकडे कुणाला पाठवणं संघाला जमणार नाही. राग मानू नका."

तिच्या सहांपैकी चार खोल्या या महिन्यात रिकाम्या होणार होत्या. सो-दामसुद्धा चालली होती. राजधानीत फ्लॅटमध्ये राहणारा तिचा मुलगा जे-गू फोनवर दर वेळी तेच म्हणायचा: आई, पुरे झालं, घर विक आणि इकडे ये, तुला एक खोली आहे. त्या खोलीच्या खिडकीतून समोरच्या इमारतीची खिडकी दिसते. मल-सुन दोनदा तिथे राहून आली होती आणि दोन्ही वेळा ठरल्यापेक्षा आधी परतली होती. चार खोल्या भरल्या नाहीत, तर तिसऱ्या वेळी परतायला घर नसणार.

*

घरी येऊन तिने ती पानं पुन्हा टेबलावर पसरली. ती शांत स्वभावाची बाई होती; रागावली की आवाज चढायचा नाही, विचार बारीक व्हायचे. त्या माणसाने तीन दिवसांत कागदावर काही टिपून घेतलं नव्हतं. हे आता तिला खटकलं. जो लिहायला आलाय आणि लिहीत नाही, त्याला दुसरं कुणीतरी सांगत असणार. तो दिवसभर कुठे होता? कॉलेजात, बाजारात, आणि संध्याकाळी नेहमी यांग-इमच्या नूडल्सच्या दुकानात.

यांग-इम तिची बावीस वर्षांची मैत्रीण. दोघी मिळून दर हिवाळ्याच्या तोंडाशी किमची घालायच्या, कोबीचे ढीग अंगणात टाकून, मिरचीने लाल झालेल्या कोपरापर्यंतच्या हातांनी. यांग-इमच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे मल-सुनला बावीस वर्षं माहीत होतं आणि आजवर त्याचं हसूच आलं होतं.

आता हसू येईना. लेखात यांग-इमच्या नूडल्सबद्दलही वाईटच लिहिलं होतं, हे खरं. पण कू म्हणाले ते डोक्यात घर करून बसलं: चोर आपल्याही घराची काच फोडतो. आपल्याला लावलेला आरोप आपण दुसऱ्याला लावतोय, हे तिच्या लक्षात आलं. तरी तिने तो सोडला नाही.

तिने पारख करून पाहायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी, गिऱ्हाईक नसताना, ती दुकानात गेली आणि ओट्यावर वाकून म्हणाली, "तुला म्हणून सांगते. वरच्या कोपऱ्यातल्या खोलीचं छत गळतंय. कुणाला बोलू नकोस. या दिवसांत कळलं तर संपलंच."

"अगं बाई!" यांग-इमने पीठ लागलेले हात गालांना लावले. "थंडीत? बर्फ वितळल्याचं पाणी असणार. कधीपासून?"

"आहे थोडे दिवस."

"मी कुणाला बोलते का कधी?"

छत ठणठणीत होतं. ही गोष्ट मल-सुनने दुसऱ्या कुणालाही सांगितली नाही, अगदी सो-दामलाही नाही. आता ती कुठून परत येते ते पाहायचं होतं.

ती दुसऱ्याच सकाळी परत आली, आणि आली तीही अध्यक्षांच्याच तोंडून. बाजारात माशांच्या टोपल्यांशी कू समोर आले, वाकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "जे-गूच्या आई, छताचं ऐकलं. वाईट वाटलं. आता तर मी नव्या मुलींना पाठवायचं म्हटलं तरी..."

मल-सुनने घेतलेला मासा टोपलीत परत ठेवला.

त्या दिवसापासून ती यांग-इमच्या दुकानावरून जायची ती समोरच्या बाजूने. यांग-इमने काचेतून हात केला, तर हिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. एकदा यांग-इम पळतच बाहेर आली, "अगं, झालंय काय तुला?", तेव्हा मल-सुन "घाईत आहे" म्हणाली, आणि खरोखर घाईने चालू लागली. बावीस वर्षांतल्या गोष्टी आता उलट्या बाजूने दिसू लागल्या होत्या. जे-गूचं पहिलं लग्न मोडलं हे गल्लीत कसं कळलं? आपल्या गुडघ्याचं औषधवाल्याला आधीच कसं माहीत होतं? प्रत्येक जुन्या गोष्टीमागे तिला यांग-इमचे पीठ लागलेले हात दिसत होते.

*

शुक्रवारी सकाळी दारात शिडी घेतलेला एक माणूस उभा राहिला.

"छप्पर बघायला आलोय."

"कुणी बोलावलं?"

"नूडल्सवाल्या ताईंनी. म्हणाल्या, लगेच जा, मैत्रिणीच्या घराला पाणी लागलंय, आणि कुणाला बोलू नका. माझा पत्ता त्यांना ठाऊक नव्हता, म्हणून त्या कूसाहेबांकडे गेल्या विचारायला. त्यांच्या घराचं काम मी करतो ना." त्याने शिडी भिंतीला लावली. "पैशांचं त्यांनी बघितलंय. तुम्ही फक्त खोली दाखवा."

मल-सुनला पुढे होऊन नको म्हणता आलं नाही. तो वर गेला, बऱ्याच वेळाने खाली आला आणि चक्रावल्यासारखा म्हणाला, "काकू, या गल्लीत इतकं चांगलं छप्पर दुसरं नाही. गळतंय कुठे?"

"थांबलं असेल," मल-सुन म्हणाली.

तो गेल्यावर ती तशीच, एप्रन न काढता, यांग-इमच्या दुकानात गेली. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं. दुकानात एक बाई आणि तिची मुलगी बसल्या होत्या. बुटांना वाळू लागलेली, एखाद्या बेटावरून आलेल्या असाव्यात. यांग-इम त्यांच्यापुढे वाडगे ठेवत होती. मल-सुनला पाहून तिने फक्त हनुवटीने कोपऱ्यातली खुर्ची दाखवली आणि गिऱ्हाइकांकडे वळली.

"आज रस्सा काही जमलेला नाही," यांग-इम म्हणाली. "गोड मानून घ्या."

"छे हो, वासच किती छान येतोय!"

"कसला छान! खरी नूडल्स शेजारच्या गावी मिळतात. आमचं आपलं पोट भरण्यापुरतं."

ती रोज पहाटे उठून रश्शाला सुके छोटे मासे निवडून, डोकी काढून टाकत असे. तिच्या रश्शासाठी शेजारच्या गावचे लोक इकडे येत.

"मुलगी इथेच घेतेय का प्रवेश?" यांग-इमने विचारलं.

"घेतेय खरी," आई म्हणाली आणि मुलीच्या डोक्यावर टपली मारली. "डोक्यात भुसा भरलाय. कसं निभावणार देव जाणे. तुम्हीच लक्ष ठेवा."

मुलीने मान खाली घातली. तिच्या कोटाच्या खिशातून जिल्ह्याच्या शिष्यवृत्तीचा लिफाफा डोकावत होता. आईने तो दिसेल असाच खोचला असणार.

मल-सुन ज्या खुर्चीवर बसली होती तिथेच ताठ झाली. शेजारच्या गावी जा. मुलगा मतिमंद. त्याच्यासमोरच. आपल्या स्वयंपाकघरातून आपलाच आवाज तिला ऐकू आला, हजारो वेळा म्हटलेला, ताट ठेवताना आपोआप येणारा: जेवायला काही विशेष नाही, पण पोटभर जेवा. तो डेन्मार्कमधला माणूस पहिला घास घेण्याआधी तिच्याकडे बघत राहिला होता. तिला वाटलं होतं, माशाचे काटे कसे काढायचे ते त्याला कळत नसेल.

मायलेकी गेल्यावर यांग-इम समोर येऊन बसली. "छप्पर झालं?"

"छप्पर गळत नव्हतं."

"मग?"

मल-सुनने सांगितलं. सगळंच सांगितलं. यांग-इम गप्प बसून ऐकत होती, आणि तिला गप्प बसलेलं पाहणं मल-सुनला सगळ्यात अवघड गेलं.

"म्हणजे मला तपासून बघत होतीस," यांग-इम शेवटी म्हणाली. "मिठाच्या पाण्यात अंडं टाकून बघतात तसं."

"हो."

"तरंगलं का अंडं?"

"यांग-इम, तू त्या माणसाला काय म्हणालीस? शेजारच्या गावाबद्दल?"

"हेच. आत्ता म्हटलं तेच. त्याने इतकं कौतुक केलं, मग माणसाने काय म्हणायचं? हो, माझी नूडल्स फार छान आहे?" ती हसायला लागली आणि मध्येच थांबली. "अगं... म्हणजे..."

"कुणीच चुगली केलेली नाही. सगळ्यांनी आपापलंच सांगितलं. त्याला शब्द सगळे येत होते. आणि त्याने आपल्यावर विश्वास ठेवला."

"हे कूला सांग."

"सांगून पटणार नाही. आपल्याला पटलं होतं?"

*

शनिवारी कू यांच्या घरी संघाची पुन्हा बैठक होती. दुसऱ्या दिवसापासून स्टेशनावर फलक लागणार होता. मल-सुनला बोलावलेलं नव्हतं, पण ती गेली. दारात कू गडबडले, तरी वाकून म्हणाले, "या, या. घर कसलं, झोपडंच आहे, अडचण होईल तुम्हाला."

घर दुमजली होतं आणि खालून ऊब दिलेली जमीन पायाखाली छान तापलेली होती. सगळे आधीच बसलेले होते, बैठकीसाठी नूडल्स घेऊन आलेली यांग-इमही. कूंच्या बायकोने मधात घोळवलेले तांदळाचे केक आणले आणि दोन्ही हातांनी ताटली पुढे केली.

"घाईत केलेत. चव अशी काही नाही, पण घ्या."

मल-सुनने एक उचलला, सावकाश चावला, गिळला.

"खरंय," ती म्हणाली. "चव नाही."

खोलीत कुणीतरी पेला ठेवत होतं, तो अर्ध्यातच थांबला. कूंच्या बायकोचे दोन्ही हात अजून पुढे होते. मल-सुनने जन्मात असं काही केलं नव्हतं.

"आणि घरही झोपडं आहे," ती पुढे म्हणाली. "अध्यक्षसाहेबांनी दारातच कबूल केलंय. मी असं लिहिलं आणि राजधानीत छापलं, तर तुम्ही कुणाला शोधत फिराल?"

"जे-गूच्या आई!" कूंचा चेहरा लाल झाला. "हे काय बोलणं झालं? बोलण्याची एक रीत असते..."

"असते ना. त्या माणसाला पोचवायला स्टेशनावर कोण गेलं होतं? मी नाही. मी डबा बांधून दिला आणि दारातून परत फिरले. सुकवलेल्या पर्सिमॉन फळांचा डबा घेऊन, सूट घालून कोण गेलं होतं?"

सगळ्यांना माहीत होतं. झेरॉक्सवाल्याने तेव्हा फोटोही काढला होता.

"तुम्ही त्याला काय म्हणालात?" यांग-इमने निरागसपणे विचारलं.

"मी... मी काय म्हणणार? आमच्या आडगावात आलात, तुमचा मोलाचा वेळ फुकट गेला. असंच काहीतरी. ते सभ्यतेचं बोलणं झालं!"

"हो ना," मल-सुन म्हणाली.

मागच्या बाजूला कुणीतरी हसलं आणि त्याचा खोकला करून टाकला. कूंनी पेला उचलून तोंडाला लावला. त्यांची बायको ताटली घेऊन हळूच बाजूला झाली आणि कुणाचं लक्ष नाही असं पाहून तिने एक केक तोडून चाखला.

मल-सुनने वाकून तिची माफी मागितली. केक उत्तम आहेत, असंही म्हणाली. त्या बाईने "छे छे" म्हटलं, पण ती मल-सुनच्या डोळ्यांत शोधत होती, की आता हे कितपत खरं धरायचं.

*

कूंनी चूक मान्य केली नाही. तसं ते करणारही नव्हते. रविवारी दुपारपर्यंत मल-सुनकडे कुणी आलं नाही. ती खिडकीतून पाहत होती: दुसऱ्यांच्या दारांशी बॅगा उतरत होत्या. मग तीनच्या गाडीनंतर एक गृहस्थ आणि एक उंच, अबोल मुलगी तिच्या फाटकाशी थांबले.

"कूसाहेबांनी पाठवलं," गृहस्थ म्हणाले. "म्हणाले, घर साधंच आहे, फार अपेक्षा ठेवू नका."

मल-सुन दाराला धरून उभी राहिली. कू हे संघातल्या घराबद्दल आपल्याच घरासारखं नम्रतेने बोलले होते, की कालच्या केकचा हिशेब चुकता करत होते? वाक्य तेच होतं. आठवड्यापूर्वी तिला असा प्रश्नच पडला नसता.

गृहस्थ वाट पाहत होते. "खरंच का? म्हणजे, जेवणाखाण्याचं कसं?"

सवयीचे शब्द तिच्या ओठांवर आले. त्या लेखातल्या काळ्या अक्षरांकडे पाहावं तशी ती त्या शब्दांकडे पाहत राहिली आणि ते मागे सारून म्हणाली, "जेवण चांगलं असतं. या गल्लीत सगळ्यात चांगलं. खोल्या कोरड्या आहेत, छपराचा माणूस परवाच येऊन गेला."

गृहस्थांच्या भुवया जवळ आल्या. त्यांनी मुलीकडे पाहिलं, मग छताकडे, मग उंबऱ्यातल्या चपलांच्या रांगेकडे. हातातली बॅग त्यांनी थोडी मागे घेतली.

"छपराचा माणूस का बोलवावा लागला?"

"सहजच."

"हं." ते वास घेतल्यासारखे थांबले. "स्वयंपाकघर पाहता येईल?"

मल-सुनने त्यांना स्वयंपाकघर दाखवलं. त्यांनी झाकणं उचलून पाहिली, नळ सोडून पाहिला, भिंतीच्या कोपऱ्याला बोट लावून पाहिलं. मुलगी शरमेने दारातच उभी होती. स्वतःच्या जेवणाची अशी तारीफ करणारी बाई नक्की काय लपवतेय, हे शोधल्याशिवाय तो माणूस पोरीला इथे ठेवणार नव्हता. आणि मल-सुनला त्याचा राग येईना. तीही तेच करत आली होती, आठवडाभर.

ते बॅग उचलून "जरा इतर घरंही बघतो" असं म्हणायच्या बेतात आहेत, हे तिला त्यांच्या खांद्यांवरून कळलं.

"अहो, ते असंच म्हटलं," ती म्हणाली आणि एप्रनला हात पुसत कमरेत वाकली. "घर काय, अगदीच साधं. जेवणही असंतसंच. मुलीला आवडेल की नाही कोण जाणे. पण आलाच आहात तर दोन घास खाऊन जा, काही विशेष नाही केलेलं."

गृहस्थांचे खांदे खाली आले. चेहरा असा मोकळा झाला, की ते आल्यापासून पहिल्यांदाच ते कसे दिसतात ते तिला कळलं.

"छे हो, एवढ्या त्रासात कशाला," ते म्हणाले आणि बॅग खाली ठेवली. "आमची ही जरा मठ्ठ आहे. सांभाळून घ्याल ना?"

"घेईन," मल-सुन म्हणाली.

मुलगी बूट काढायला वाकली. मल-सुनने सूप चुलीवर ठेवलं, आणि वाढायच्या आधी ते दोनदा चाखून पाहिलं.